बाईंच्या गाडीचा जोर

“बाई, पंप जातोय गाडीचा,” दस्तगीर म्हणाला आणि हातातल्या फडक्याकडे बघत राहिला. माझ्याकडे बघेना.

“जातोय म्हणजे? गेलाय की नाही गेला?”

“जायच्या वाटेवर आहे.”

“काल मी सावरमाळचा घाट चढून गेले. चोवीस मिनिटांत. पंप जाणारी गाडी अशी चढते?”

“डिझेलच्या गाड्यांचं असंच असतंय. शेवटपर्यंत पळत्यात आणि एक दिवस जाग्यावर बसत्यात. आत पोरं असली आणि घाटातच बसली म्हंजे?”

मी गप्प झाले. पोरांचं नाव काढलं की मी गप्प होते, हे त्याला चांगलं माहीत होतं. दस्तगीर माझाच विद्यार्थी. चौथीत दोन वर्षं माझ्या वर्गात काढलेला. गुणाकाराला कच्चा, पण वर्गातला पंखा बंद पडला की स्टुलावर चढणारा तोच. पुढे गावात त्याचं गॅरेज झालं आणि माझी गाडी त्याच्याशिवाय कुणाच्या हाती गेली नाही.

“नवा पंप बसव मग.”

“त्यात खर्च घालून उपयोग न्हाई, बाई. मी सांगू का, बदलून टाका. पतसंस्थेतल्या देसायांना डिझेलच पाहिजे. त्यांच्याकडं त्यांच्या वडिलांची छोटी पेट्रोल गाडी पडून आहे. जुनी आहे, पण इंजिन तुपासारखं. ती तुमी घ्या, ही त्यांना द्या, वरची रक्कम ते बँकेत भरतील.”

“म्हणजे सहा वर्षांची गाडी देऊन सतरा वर्षांची घ्यायची?”

“तुमास्नी जायचं किती असतंय? आयतवारी घाट आणि एरवी भाजी.”

हे मला लागलं. भाजी. मी चोपन्नाव्या वर्षी गाडी शिकले होते. माझे मिस्टर गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी. शिकवणाऱ्या पोराने पहिल्या दिवशी विचारलं होतं, “काकू, खरंच शिकायचंय का मुलानं सांगितलंय म्हणून?” पुढे निवृत्त झाल्यावर त्या पैशांतून मी स्वतःच्या पसंतीने ती राखाडी गाडी घेतली. पाय ठेवायचा अवकाश, ती उसळून पुढे जायची. आयुष्यभर मी एसटीच्या थांब्यावर उभी राहिले होते. आता एसटी मला आरशात दिसायची. स्टँडवरचा एक कंडक्टर एकदा म्हणाला, “बाई, आमच्या एसटीला जरा मान ठेवा, सरकारी आहे.” मी घरी येऊन हे चार जणींना सांगितलं होतं.

त्या रात्री निरंजनला पुण्याला फोन केला. माझा मुलगा. त्याला फ्रीज घ्यायचा तरी तीन महिने लागतात. तो म्हणाला, “आई, दस्तगीर म्हणतोय तर देऊन टाक.” लगेच. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

हे सगळं डिसेंबरातलं. मार्चात चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा होती आणि माझा जीव तिथे अडकला होता. सावरमाळ म्हणजे घाटावरची धनगरांची वस्ती. एकशिक्षकी शाळा, चौथीत चार पोरं. त्या वस्तीतून शिष्यवृत्तीला आजवर कुणी बसलंच नव्हतं. तिथला मास्तर एकटा, चार इयत्ता सांभाळणारा, तो म्हणाला, “बाई, तुम्ही नेत असाल तर मी फॉर्म भरतो.” म्हणून मी दर रविवारी सकाळी सातला वर पोचायची, चौघांना घेऊन खाली माझ्या घरी यायची, अकरापर्यंत पुढच्या सोप्यात बसवून शिकवायची, पोहे खायला घालायची आणि परत सोडून यायची. सानिका येडगे, बिरू झोरे आणि त्याच्या चुलत जुळ्या बहिणी, आरती आणि भारती. नऊ-नऊ वर्षांची पोरं. हुशार, पण गप्प.

आणि प्रवास मी फुकट घालवत नसे. गाडी म्हणजे माझा चालता फळा होता. माझं जुनं घड्याळ सानिकाच्या हाती द्यायचं. वस्तीवरच्या बिरोबाच्या देवळापाशी वेळ लिहायची, मधल्या ओढ्यावरच्या मोरीपाशी लिहायची, खाली नदीच्या पुलापाशी लिहायची, माझ्या दारात लिहायची. अंतर अठरा किलोमीटर. मग गणित. काळ, काम, वेग हा भाग बाकीची पोरं पाठ करतात. माझी पोरं त्यात बसून यायची. सानिकाच्या वहीतल्या नोंदी इतक्या नेमक्या असायच्या की त्या मी दोन शिक्षकांना दाखवल्या होत्या. दर रविवारी चोवीस मिनिटं. कधी तेवीस, कधी पंचवीस. ताशी पंचेचाळीस.

पण दिवाळीनंतर गळती लागली. एका रविवारी बिरूला ताप. पुढच्या रविवारी जुळ्यांच्या घरी बकरी व्यायलेली. मग एकदा तिघंही मामाकडे. मी वस्तीवर उभी राहून ताडताड बोलले होते. “परीक्षा तीन महिन्यांवर आली आणि तुम्ही मामाकडे पाठवता? मामा पेपर सोडवणार आहे का?” बायका पदर तोंडाशी धरून ऐकून घेत. एकही उलट बोलली नाही. जी पोरं यायची तीसुद्धा सकाळी नऊपर्यंत मेंगळटासारखी बसायची. साधी बेरीज विचारली तरी भिंतीकडे बघायची. मी चिडत नाही मुलांवर, छत्तीस वर्षांत कुणावर हात उगारला नाही. मी पुन्हा सांगायची, तिसऱ्यांदा सांगायची. अकराला पोह्यांच्या ताटल्या आल्या की मात्र पोरं तुटून पडत. मला वाटायचं, माझ्या पोह्यांना चव आहे.

गाडीची अदलाबदल एका बुधवारी झाली. देसायांनी नवीन गाडीला नारळ फोडावा तसा माझ्या गाडीपुढे फोडला. मला मिळाली ती पांढरी, चपटी, दारं पत्र्याच्या डब्यासारखी वाजणारी. त्या गाडीपुढे मी काही फोडलं नाही.

रविवारी वर निघाले. पहिल्याच चढाला गाडी धापा टाकायला लागली. दुसऱ्या गिअरवर घातली. पायाखाली दाबलं तर आवाज वाढायचा, वेग नाही. मागून एसटी आली, हॉर्न देत बाजूने पुढे गेली आणि तोच कंडक्टर खिडकीतून वाकून म्हणाला, “या बाई, निवांत या. वर जाऊन चहा टाकतो.” माझे कान तापले.

वस्तीवर पोचले तर चौघंही देवळापाशी उभी. चौघंही, दप्तरं पाठीला लावून. सानिकाची आई लक्काबाई ताकाचा तांब्या घेऊन आली. “घ्या बाई, ऊन हाय.” डिसेंबरात सकाळी सव्वासातला कुठलं ऊन. पण तिचा चेहरा खुलला होता. तिने गाडीच्या टपावर हात फिरवला, बकरीच्या पाठीवर फिरवावा तसा. “ब्येस हाय की गाडी. गरीब हाय.”

“गरीबच आहे,” मी म्हणाले.

उतारावरही ती गाडी रांगत होती. ब्रेक जुने, म्हणून मी दुसरा गिअर सोडला नाही. आणि मागे पोरं बडबडत होती. एरवी त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. बिरूने खाली दरीत बोट करून धरणाचं पाणी दाखवलं. आरती म्हणाली, “बाई, ह्ये झाड मी आज बघितलं.” मी म्हणाले, “ते झाड शंभर वर्षं तिथे आहे. रोज बघत नाहीस का?” ती खिडकीला नाक लावून बघत राहिली. भारती भूक लागली म्हणाली, मग दप्तरातून भाकरी काढून खायला लागली. माझ्या गाडीत आजवर कुणी खाल्लं नव्हतं. मी आरशातून डोळे वटारले, पण बोलले नाही.

घरी आल्यावर सानिकाने वही पुढे केली. पंचेचाळीस मिनिटं.

“आणि मोरीपाशी काय लिहिलंस हे? आधी बारा खोडून सोळा, मग सतरा. पूर्वीच्या नोंदी कशा स्वच्छ असायच्या तुझ्या.”

सानिकाने मान खाली घातली. मग म्हणाली, “बाई, ताशी चोवीस येतंय.”

“कसं?”

“अठराला पंचेचाळीस मिनिटं, म्हणून चोवीस. पहिल्यांदा चोवीस मिनिटं होती आणि पंचेचाळीस आलं हुतं. उलटं झालं.”

मी कागद घेऊन बसले. खरंच. मग मी विचारलं, तीस मिनिटं लागली तर? बिरू म्हणाला, “छत्तीस.” आणि छत्तीस मिनिटं लागली तर? चौघंही एकदम ओरडली, “तीस.” सकाळचे साडेआठ वाजले होते आणि माझ्या सोप्यात पोरं ओरडत होती. त्या दिवशी मी त्यांना व्यस्त प्रमाण शिकवलं, आठवड्याआधी ठरवलेलं नसताना. छान झाला तास. तरी रात्री झोपताना माझ्या डोळ्यांपुढे तो कंडक्टर आला आणि मी कूस बदलली.

जानेवारीचे चारही रविवार एकही गैरहजर नाही. मी म्हणायची, बघा, त्या दिवशी बोलले त्याचा परिणाम.

फेब्रुवारीत शनिवारच्या बाजारात मला माझी राखाडी गाडी दिसली. देसाई तिच्या डिकीत कलिंगडं भरत होते.

“बाई, काय गाडी दिलीत,” ते म्हणाले. “बेळगावला जाऊन आलो चार वेळा. हात लावावा लागला नाही.”

“पंप बदलून घेतला असेल.”

“कुठला पंप?”

“दस्तगीर म्हणाला होता, पंप जातोय.”

“काय जातोय? मी घ्यायच्या आधी कोल्हापूरला दाखवून आणली होती. ते म्हणाले डोळे झाकून घ्या. चांगल्या गाडीचा चांगला भाव दिला की मी तुम्हाला. मी काय कमी दिलं का?”

कमी दिलं नव्हतं. तेच मला कळेना. दस्तगीरने मधले पैसे खाल्ले असते तर मला समजलं असतं. मन मोठं करून मी सोडूनही दिलं असतं. पण पै इकडची तिकडे नाही आणि तरी तो माझ्या तोंडावर खोटं बोलला. ज्याला मी दोन वर्षं अ ते ज्ञ आणि खरं ते खरं शिकवलं.

मी पिशवी देसायांच्या कलिंगडांशेजारी विसरून तशीच गॅरेजवर गेले.

दस्तगीर एका जीपखाली झोपला होता. बाहेर दोन-तीन गिऱ्हाइकं बाकावर. मी त्याच्या पायांना म्हणाले, “बाहेर ये.”

तो सरपटत बाहेर आला. माझा चेहरा बघून त्याने हात पुसले आणि मागे बांधले. वर्गात उभा राहायचा तसा.

“गाडीच्या पंपाला काय झालं होतं?”

तो जीपकडे बघायला लागला.

“दस्तगीर, मी विचारते आहे.”

“काय न्हवतं झालं, बाई.”

“मग खोटं का बोललास?”

“बोललो.”

“का, ते विचारते आहे मी. देसायांनी तुला काय दिलं?”

“एक चहाबी न्हाई दिला.” बाकावरचा एक जण हसला. दस्तगीरने त्याच्याकडे बघितलं तसा तो बाहेर जाऊन उभा राहिला.

“माझं वय झालं म्हणून? बाईमाणसाच्या हाती अशी गाडी तुम्हाला बघवत नव्हती? सरळ सांगायचंस. निरंजनला माहीत होतं?”

“त्यास्नी मीच फोन केला हुता.”

म्हणजे सगळ्यांनी मिळून. लहान पोराच्या हातातली कात्री काढून घेताना आपण त्याला खुळखुळा देतो, तसं माझ्याबाबत केलं होतं. मी मुलांशीसुद्धा असं वागले नाही कधी. चौथीतल्या पोराला मी सांगते, कात्री दे, हात कापेल. त्याला कळतं. मला कळलं नसतं?

“सोमवारपर्यंत ती गाडी माझ्या दारात आली पाहिजे,” मी म्हणाले. “देसायांचे पैसे मी परत देते. नाही आली तर गावभर सांगेन तू काय केलंस ते.”

“आणून देतो,” तो म्हणाला. “देसाई माझं ऐकतील. पण बाई, त्याआधी एकदा सावरमाळला जाऊन या. आज. पोरं न्यायला न्हवं. नुसतं जाऊन या. लक्काबाईला इचारा.”

“लक्काबाईचा काय संबंध?”

“ती आली हुती माझ्याकडं. वडापच्या जीपमधनं, बगलंत कोंबडी घिऊन.” त्याने बॉनेटवरचं फडकं उचललं. “मला म्हणाली, दस्तगीर मिस्त्री, बाईंच्या गाडीचा जोर कमी करता येतोय का बघा.”

मी वर गेले. दुपारचे तीन वाजले होते. पंचेचाळीस मिनिटं मी त्या डब्यात बसून मनात भांडत होते. एकेक वाक्य तयार करत होते.

लक्काबाई बकऱ्यांच्या वाड्यात झाडत होती. सानिका पाण्याची कळशी घेऊन आली होती. मला बघून ती दाराआड गेली. आज रविवार नाही हे दोघींनाही कळत होतं. मी एका दमात विचारलं. लक्काबाईने झाडू खाली ठेवला.

“बाई, बसा की.”

“बसत नाही. सांग.”

“पोरास्नी गाडी लागायची,” ती म्हणाली.

“लागायची म्हणजे?”

“ओकायची पोरं. घाटात न्हवं, घाटात दम धरायची. खाली तुमच्या घराम्होरं उतरली की तुमी कुलूप काढंस्तोवर त्या कडूलिंबामागं जाऊन यायची. एकाआड एक. मग आमी बायांनी इचार केला, पोटात काय नसलं तर काय यील? आयतवारी पोरास्नी चूल दावायची न्हाई असं ठरलं. शनवारी रातीचं जेवली की आयतवारी तुमच्या पव्ह्यालाच.”

मी तिथल्या दगडावर बसले.

“आन् भ्यायची वो. वळनावर गाडी अशी जायची, पोरं येकमेकाचं हात धरून डोळं झाकून बसायची. त्यो बिरू आयतवार म्हटलं की शनवारपासनंच पोट दुखतंय म्हनायचा. त्याच्या आयनं ताप सांगितला तुमास्नी. खोटं बोलली बिचारी.”

“डोळे झाकून?” मी म्हणाले. “मग सानिका घड्याळ कसं बघायची? वहीत वेळा कोण लिहायचं?”

लक्काबाईने दाराकडे बघितलं. “घरनंच लिवून न्यायची. मागल्या आयतवारचं बघून, योक-दोन मिन्टं हिकडं तिकडं करून.”

दोन शिक्षकांना मी ती वही दाखवली होती.

मला राग आला होता तो आता कुठे न्यावा कळेना, म्हणून तो समोर होता त्यावरच निघाला. “अगं, मग मला सांगायचं नाही? मी काय वाघ आहे का? दर आठवड्याला दारात येत होते तुमच्या. एक शब्द, लक्काबाई. ‘बाई, हळू चालवा.’ एवढं एक वाक्य. त्यासाठी तू कोंबडी घेऊन गॅरेजवर गेलीस? पोरं उपाशी ठेवलीत? तीन तास मी उपाशी पोरांना भागाकार शिकवत होते?”

“तुमास्नी कोन सांगनार?” लक्काबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “तुमी बाई. फुकाट शिकिवताय, सोताच्या डिझेलनं नेताय, खायला घालताय. आन् आमी म्हनायचं, तुमास्नी गाडी चालिवता येत न्हाई? राग येऊन तुमी यायच्या थांबला असता तर?”

“मी थांबले असते असं वाटलं तुला?”

“ठावं न्हाई की वो. कवा कोन आलंच न्हवतं, तर कशानं थांबतंय हे काय ठावं आमास्नी?”

मी सानिकाला हाक मारली. ती दाराआडून अर्धी बाहेर आली.

“आणि तू? तुझ्याशी तर मी दर रविवारी बोलते. शंका विचारा, शंका विचारा म्हणून घसा कोरडा करते. तू का नाही बोललीस?”

ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली. मला वाटलं रडेल. मी वाट बघितली. वाट बघायची मला सवय आहे.

“शंका गणिताची इचारायची असतीया,” ती म्हणाली.

मी उठले. लक्काबाई चहा ठेवते म्हणाली, तो घेतला नाही. राग गेला नव्हता. खरं सांगायचं तर आजही पुरता गेलेला नाही. इतकी माणसं, माझा मुलगा, माझा विद्यार्थी, तीन आया, चार पोरं, सगळ्यांना जे माहीत होतं ते एकट्या मला नव्हतं; आणि त्यांनी ते इतक्या काळजीने माझ्यापासून लपवलं की मला चिडायलाही नीट जागा ठेवली नाही. खाली आल्यावर गॅरेजपाशी गाडी उभी केली. दस्तगीर बाहेर आला, पुन्हा हात मागे.

“देसायांशी बोललो नाही अजून,” तो म्हणाला. “तुमी जाऊन या म्हणून थांबलो.”

“बोलू नकोस,” मी म्हणाले. “आणि ब्रेक बघ हिचे. खरे बघ.”

परीक्षा मार्चातल्या एका रविवारी होती. साडेदहाचा पेपर, केंद्र गावातलं हायस्कूल. मी आठला वर गेले, पावणेनऊला पोरांना घेऊन निघाले. वेळ भरपूर होता. पण कारखान्याचा हंगाम संपत आला होता आणि घाटात मधल्या मोरीच्या वर उसाचा एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, एका बाजूला कललेला उभा. ड्रायव्हर खाली उतरून चाकाखाली दगड लावत होता. अर्धा तास गेला. मग तो निघाला तो बैलासारखा, आणि आम्ही त्याच्या मागे.

दहाला वीस कमी होते. पुढे अजून अकरा किलोमीटर होते. पुढच्या उतारावर ट्रॅक्टरशेजारी जेमतेम एका गाडीची जागा दिसत होती, पुढे वळण. माझा पाय दाबला गेला. ती गरीब गाडी उतारामुळे का होईना पण उठली, आणि मी उजवीकडे घेतली.

“बाई,” सानिका शेजारून म्हणाली. “फुडचं दिसत न्हाई.”

“दिसतंय मला.”

“न्हाई दिसत, बाई. ट्रॉलीनं झाकलंय. नगा जाऊ.”

मागे तिघं एकमेकांचे हात धरून होती, ते मला आरशात दिसलं. मी पाय काढला आणि डावीकडे ट्रॅक्टरच्या मागे आले. वळणावरून काहीही आलं नाही. रस्ता रिकामा होता; गेले असते तर निघून गेले असते. मी तसं बोलले नाही, पण तोंड कडू झालं.

पुलापर्यंत आम्ही त्या उसामागे आलो. हायस्कूलच्या फाटकात पोचलो तेव्हा दहा चाळीस झाले होते. मी केंद्रसंचालकांशी भांडले, ते माझ्या ओळखीचे निघाले, पोरांना आत सोडलं. पण दहा मिनिटं गेली ती गेली. पहिल्या पेपरात सानिकाचे शेवटचे पाच प्रश्न राहिले.

निकाल जूनच्या शेवटी लागला. चौघंही पास. शिष्यवृत्तीच्या यादीत बिरूचं नाव होतं. सानिकाचं चार गुणांनी गेलं. दस्तगीर म्हणाला, “बाई, ती राखाडी गाडी असती तर…” मी त्याला म्हणाले, “तू बोलूच नकोस.” रस्ता रिकामा होता हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज लिहिते आहे.

मी सांगायला वर गेले. वाटेत ठरवत होते, सानिकाला काय सांगायचं, लक्काबाईला काय सांगायचं. त्या पाच प्रश्नांची मला लाज वाटत होती. कुणीतरी म्हणेल, बाई, तुमच्यामुळे. आणि खरं म्हणजे म्हणावं असंच मला वाटत होतं.

देवळापाशी बायका उभ्या होत्या. मास्तरांनी फोनवर आधीच सांगितलं होतं. लक्काबाईने यादीतलं काही विचारलंच नाही. ती बाजूला झाली आणि तिच्या मागे पोरं दिसली. नवी चौथी. तेल लावून भांग पाडलेली, रांगेत. मी मोजली. सात.

“सात?” मी म्हणाले. “लक्काबाई, या गाडीत चार पोरं मावतात. सात मी कशी नेऊ? आधी कुणी सांगायचं नाही?”

“आता सांगतूय की,” ती म्हणाली. “आयतवारी दोन येरझाऱ्या माराव्या लागतील. मोठी पोरं मागनं न्या, ती थांबत्यात.” मग तिने रांगेच्या टोकाची एक किरकोळ पोर हाताला धरून पुढे आणली आणि सगळ्या बायकांदेखत माझ्यापुढे उभी केली. “ही आमच्या जावंची. हिला गाडी लागती, बाई. पयल्या खेपंला फुडं बसवा आन् खिडकी उघडी ठिवा. आन् त्या मोरीच्या वळनावर तुमी अजूनबी जरा जोरात घेताय. तिथं हळू.”

बायका माझ्याकडे बघत होत्या. कुणीही पदर तोंडाशी नेला नाही.

“जोरात नाही घेत मी,” मी म्हणाले.

“घेताय,” लक्काबाई म्हणाली.

बाजूला सानिका उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली, हो म्हणून.

मी त्या पोरीचं नाव विचारलं आणि पुढचं दार उघडलं.